‘व्हिस्कस’ शब्दाचें कुळ आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

परिभाषेचा प्रश्न निघाला कीं आपल्याकडे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एकाच्या मतें शास्त्रीय शब्द संस्कृत धातूंपासूनच घडवावेत. दुसऱ्याच्या मतें ते शेतांत, बाजारांत आणि स्वयंपाकघरांत आयते पडलेले आहेत, ते नुसते उचलावेत. वाद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंस विद्वान् मंडळी आहेत. परंतु या वादांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. शब्द कोणत्या घराण्यांतला हें पाहण्यांत दोन्ही पक्ष इतके गुंततात, कीं तो ज्या वस्तूला लावावयाचा ती वस्तु कशी वागते हें पाहण्यास कोणालाच सवड उरत नाहीं. म्हणून सामान्य सिद्धांत क्षणभर बाजूस ठेवून एकच शब्द घ्यावा व तो शेवटपर्यंत तपासावा, असें मला वाटतें.

इंग्रजींतील ‘व्हिस्कस’ हें विशेषण या कामास फार सोयीचें आहे. मध, काकवी, एरंडेल, डांबर असे जे पदार्थ वाहतात खरे, पण आढेवेढे घेत वाहतात, त्यांना हा शब्द लागतो. त्याच्यासाठीं मराठींत काय आहे? सामान्य वाचक ‘चिकट’ म्हणेल. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेंत या गुणाला कोणी ‘श्यानता’ म्हणतात, कोणी ‘विष्यंदिता’ म्हणतात. मराठी विश्वकोशांतील लेखांत ‘श्यानता’ या शब्दापुढें कंसांत ‘दाटपणा’ असा खुलासा केलेला आढळतो. म्हणजे एका गुणाला चार नांवें झालीं. तीं समानार्थी असतीं तर तक्रार नव्हती. भाषेला श्रीमंती वाईट नाहीं. पण हे चार शब्द चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांतील एक तर उलटीच गोष्ट सांगतो. हें कसें, तें पाहण्यापूर्वीं मूळ शब्दाचें कुळ पाहिलें पाहिजे.

‘व्हिस्कस’चें मूळ लॅटिनमधील ‘विस्कुम्’ या शब्दांत आहे. विस्कुम् म्हणजे मिसलटो. सफरचंदासारख्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारें, बारमाही हिरवें बांडगूळ. त्याला मोत्यासारखीं पांढरट फळें येतात व त्यांच्या गरांत विलक्षण चिवट असा चीक असतो. रोमन लोक हीं फळें कुटून व शिजवून त्या चिकाचा लेप करीत, तो काटक्यांना फांसीत आणि त्यावर बसणारीं पांखरें धरीत. त्यामुळें ‘विस्कुम्’ या एकाच शब्दानें वनस्पति व तिच्यापासून केलेला फांसा या दोहोंचा बोध होऊं लागला. पुढें त्यापासून ‘विस्कोसुस्’ म्हणजे ‘त्या चिकानें भरलेला’ असें विशेषण झालें, आणि फ्रेंचच्या वाटेनें तें चवदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत उतरलें. ग्रीक भाषेंतील ‘इक्सोस्’ हा शब्द विस्कुम्‌चा भाऊबंद. त्याचेहि तेच दोन अर्थ होते. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघां इंग्रज रसायनज्ञांनीं लाकडाच्या लगद्यापासून दाट द्रव करून त्याचे धागे काढण्याची कृति शोधली व त्या द्रवाला ‘व्हिस्कोज’ नांव दिलें. आज कापडाच्या दुकानांत हें नांव घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडीं नकळत रोमन पारध्याचा चीकच येत असतो.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. आंतड्यांना व इतर अंतरिंद्रियांना इंग्रजींत ‘व्हिसेरा’ म्हणतात. अक्षरसाम्यावर विसंबून त्याचा व ‘व्हिस्कस’चा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण लॅटिनमध्यें ते दोन वेगळे शब्द आहेत व त्यांचीं रूपेंहि वेगळ्या रीतीनें चालतात. आपल्याकडे ‘चिकित्सा’ ही ‘चिकाटी’ची बहीण मानावी, तसें तें होईल. चिकित्सा हें ‘कित्’ धातूचें इच्छार्थक वळणाचें रूप; त्याचा चिकाशीं कांहीं संबंध नाहीं.

मिसलटोविषयीं युरोपांत आणखी एक कौतुकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. थ्रश जातीचा एक पक्षी हीं फळें आवडीनें खातो, व त्याच्या विष्ठेंतून त्या बांडगुळाचें बीं नव्या फांदीवर पडतें. त्याच बांडगुळाच्या चिकानें पुढें तो पकडला जातो. म्हणून आपल्याच हातानें आपला घात करून घेणाऱ्या माणसास लॅटिन म्हणींत या पक्ष्याची उपमा दिली आहे. आपल्या आंब्यांवर वाढणाऱ्या बांडगुळाचाहि संसार असाच चालतो. फुलटोच्या नांवाचा चिमुकला पक्षी त्याचीं फळें खातो, आणि शेपटीखालीं चिकटून राहणारें बीं फांदीवर अंग घासून सोडवतो. तें बीं तेथेंच धरतें व रुजतें. म्हणजे ज्या निसर्गघटनेंतून लॅटिनला शब्द मिळाला, ती आपल्याहि डोळ्यांसमोर होती. तरी मराठीनें बांडगुळापासून चिकटपणाचा शब्द घेतला नाहीं. परावलंबी माणसासाठीं तेवढा तो राखून ठेवला.

मराठीनें आपला शब्द घेतला तो ‘चीक’ या घरगुती वस्तूवरून. रुईचा चीक, वडाचा चीक, फणसाचा चीक. कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून काढलेला चीक. आणि गाय व्याल्यावर येणारा, खरवसाचा चीक. त्यावरून चिकट, चिकटणें, चिकचिक, चिकटा असा विस्तार झाला. शेजारींच संस्कृत ‘चिक्कण’ पासून आलेला ‘चिकण’ आहे, आणि त्याची वागणूक मोठी गमतीची आहे. चिकणी सुपारी गुळगुळीत असते, तर चिकणमाती पायाला धरून बसते. एकाच शब्दांत निसरडेपणा व चिकटपणा हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. पावसांत चिकणमातीच्या वाटेवरून गेलेल्या कोणालाहि यांत विसंगति वाटणार नाहीं. तीच माती वहाण धरून ठेवते आणि तीच माणसाला पाडते.

या कुळांतला सर्वांत गुणी मुलगा ‘चिकाटी’. चिकट माणूस म्हणजे कृपण. पण चिकाटीचा माणूस म्हणजे हातीं घेतलेलें काम न सोडणारा. विस्कुम्‌च्या इंग्रजी वंशजांत असा सद्‌गुण एकहि जन्मला नाहीं. उलट जर्मन भाषा येथें आपल्या जवळ येते. ‘व्हिस्कस’पणासाठीं जर्मन शास्त्रज्ञांचा रूढ शब्द ‘त्सेहिग्काइट’ असा आहे, व तो ज्या विशेषणापासून झाला त्याचा अर्थ चिवट, चिकाटीचा. जर्मन विद्यार्थी जो शब्द वातड मांसाला आणि हट्टी माणसाला लावतो, त्याच शब्दाच्या आधारानें पदार्थविज्ञानांतील हा गुण शिकतो. आधुनिक ग्रीक भाषेनें आपल्या जुन्या ‘इक्सोस्’वरूनच आपला शास्त्रीय शब्द बनवला. हीं उदाहरणें देशी शब्दांच्या पक्षाला अनुकूल आहेत. पण न्याय देण्यापूर्वीं वस्तूची साक्ष काढली पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेऊं. घट्टपणा आणि चिकटपणा हे दोन गुण आहेत, एक नव्हे. आपल्या आयुर्वेदकारांना हें चांगलें ठाऊक होतें. त्यांनीं द्रव्याचे वीस गुण दहा जोड्यांत मांडले. त्यांत ‘सांद्र’ म्हणजे दाट, त्याची जोडी ‘द्रव’ गुणाशीं. आणि ‘पिच्छिल’ म्हणजे बुळबुळीत-चिकट, त्याची जोडी ‘विशद’ गुणाशीं. सांद्र व पिच्छिल यांना त्यांनीं एकत्र बांधलें नाहीं. इंग्रजींतील ‘व्हिस्कस’ मात्र व्यवहारांत दोन्ही अर्थांनीं वापरला जातो, आणि आपले कोशकार व अनुवादक तो गोंधळ तसाच्या तसा मराठींत आणतात.

शास्त्रानें या शब्दाचा अर्थ नेमका केला. न्यूटननें १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत द्रवाच्या भागांतील निसरडेपणाच्या अभावामुळें उत्पन्न होणाऱ्या विरोधाचा विचार केला, आणि हा विरोध ते भाग एकमेकांपासून ज्या वेगानें दूर सरकतात त्या वेगाच्या प्रमाणांत असतो, असें गृहीत धरलें. आजची कल्पना तीच आहे. वाहत्या द्रवाचे थर एकमेकांवरून सरकत असतां त्यांच्यामध्यें जें अंतर्गत घर्षण होतें, त्याचें माप म्हणजे हा गुण. द्रव बोटाला चिकटतो कीं नाहीं याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. एरंडेल पाण्याच्या सुमारें हजारपट ‘व्हिस्कस’ आहे, पण बोटांत घेतलें तर तें चिकटत नाहीं, निसटतें. पाण्यांत पातळ कालवलेला डिंक एरंडेलापेक्षां सहज वाहतो, तरी पाकिटाची कड तोच धरून ठेवतो. ‘चिकटपणा’ हा प्रतिशब्द येथें पहिल्याच परीक्षेंत नापास होतो.

‘दाटपणा’ची गोष्ट थोडी निराळी आहे. पिठलें दाट झालें, कढी पातळ झाली, असें आपण म्हणतों तेव्हां आपलें लक्ष तें कसें वाहतें याकडेच असतें. मोटार दुरुस्त करणारा कारागीर ‘ऑइल पातळ झालें’ म्हणतो, तेव्हां तो नकळत शास्त्रशुद्धच बोलत असतो. अडचण दुसरीकडून येते. दाट गर्दी, दाट झाडी, दाट वीण या प्रयोगांत ‘दाट’ म्हणजे थोड्या जागेंत पुष्कळ वस्तु असणें. आणि शास्त्रांत तो अर्थ घनतेचा आहे. पारा पाण्याच्या साडेतेरापटींहून अधिक घन असून त्याचें अंतर्गत घर्षण पाण्याच्या जेमतेम दीडपट भरतें. उलट तेंच एरंडेल पाण्याहून हलकें, पाण्यावर तरंगणारें. ज्या विद्यार्थ्याला ‘दाटपणा’ हा शब्द दिला, तो पारा अधिक दाट म्हणेल. आणि त्याला चुकीचें ठरवणाऱ्या शिक्षकाची बाजू भाषेपुढें लंगडी पडेल. अशा प्रसंगीं मूल आपल्या मातृभाषेवरचा विश्वास थोडा थोडा गमावतें. परिभाषेच्या वादांत खरें नुकसान कोठें होतें तें येथें दिसतें.

आतां ‘विष्यंदिता’ घेऊं. ‘स्यंद्’ धातूचा अर्थ वाहणें, पाझरणें. ‘वि’ उपसर्ग लागून सकाराचा षकार होतो, आणि हा षकार कर्ता निर्जीव असेल तरच विकल्पानें व्हावा असें पाणिनि सांगतो. त्या सूत्रावर काशिकाकारांनीं वाहणाऱ्या तेलाचें उदाहरण दिलें आहे. पाण्यांत पोहणाऱ्या माशाला मात्र तो षकार नाकारला आहे. व्याकरणाची इतकी नाजूक कामगिरी झालेला शब्द, पण त्याचा अर्थ कोणता? पाझरणें, वाहणें. म्हणजे ज्याची विष्यंदिता अधिक तें अधिक वाहणारें झालें पाहिजे. शास्त्र नेमकें उलट सांगतें. या शब्दाच्या बाजूनें एक मुद्दा मांडतां येईल. आयुर्वेदांत ‘अभिष्यंदि’ द्रव्य म्हणजे जें आपल्या पिच्छिलतेनें व जडपणानें रसवाहिन्या रोधून धरतें तें. शार्ङ्गधरसंहितेंत दह्याचें उदाहरण त्यासाठीं दिलें आहे. तेव्हां रोधाची छाया या धातूवर पडलेली आहे, हें कबूल. परंतु ती ‘अभि’ उपसर्गाच्या रूपावर आणि शरीरांतील परिणामाच्या संदर्भांत पडलेली आहे. ‘वि’ लावलेलें रूप पाझरण्याचेंच राहतें. जो शब्द समजून घ्यावयास गेलें असतां विद्यार्थी उलट्या दिशेस जातो, त्यापेक्षां न समजणारा शब्द बरा.

राहिली ‘श्यानता’. हा शब्द ‘श्यै’ धातूपासून आलेला आहे आणि त्याची हकीकत फार मनोरंजक आहे. पाणिनीच्या नियमानें या धातूचें भूतकालवाचक रूप अर्थाप्रमाणें बदलतें. द्रव पदार्थ गोठून घट्ट झाला असा अर्थ असेल तर ‘शीन’. स्पर्शाचा अर्थ असेल तर ‘शीत’. काशिकाकारांचें उदाहरण आपल्या घरांतलेंच आहे: थिजलेलें तूप, तें शीन. म्हणजे आपण रोज वापरतों तो ‘शीत’ आणि गोठलेल्या तुपाचा ‘शीन’ हे जुळे भाऊ झाले. या दोन अर्थांव्यतिरिक्त जें रूप उरतें तें ‘श्यान’. थंडीनें आंखडलेल्या विंचवाला काशिकाकार ‘संश्यान’ म्हणतात. आणि रघुवंशाच्या चवथ्या सर्गांतील शरद्‌वर्णनांत वाटेवरच्या वाळत आलेल्या चिखलाला कालिदासानें ‘आश्यान’ हें विशेषण लावलें आहे. विनोद असा, कीं द्रवाच्या घट्टपणासाठीं संस्कृताच्या दारीं जाणाऱ्या परिभाषाकारानें तेथून नेमकें तेंच रूप आणलें, जें संस्कृत व्याकरणानें त्या अर्थाला नाकारलें होतें.

तरीहि विज्ञानापुरता मी ‘श्यानता’ याच शब्दाच्या बाजूनें कौल देईन. त्याचें कारण व्याकरणांत नसून वस्तूंत आहे. ‘शीन’ तूप वाहत नाहीं. तें गोठून चुकलेलें असतें. आपला गुण मात्र वाहत्या पदार्थाचा आहे. पाणिनीनें ज्याला गोठण्याच्या अर्थांतून वगळलें तें ‘श्यान’ रूप रिकामें होतें, आणि रिकाम्या घरांत नवा भाडेकरी येण्यास हरकत नसते. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. हा गुण द्रवांनाच असतो असें नाहीं, हवेलाहि असतो. मॅक्सवेलनें १८६० साली गणितानें असें दाखवलें, कीं वायूची श्यानता त्याच्या दाबावर अवलंबून नसते, आणि पुढें तें प्रयोगानें पडताळून पाहिलें. तापवलें म्हणजे तेल सैल होतें, पण तापवलेल्या वायूची श्यानता वाढते. ‘चिकट हवा’ असें आपण पावसाळ्यापूर्वींच्या घामट दिवसांना म्हणतों. ‘दाट हवा’ म्हटलें तर धुकें आठवतें. ‘घट्ट हवा’ तर म्हणतांच येत नाहीं. दुसऱ्या टोकास डांबर आहे. ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड विद्यापीठांत प्रा. पार्नेल यांनीं १९२७ साली तापवलेलें डांबर एका नसराळ्यांत भरलें व १९३० साली त्याची खालची नळी कापून तें मोकळें केलें. पहिला थेंब १९३८ साली पडला आणि नववा २०१४ साली. हातोडीनें फुटणारा हा पदार्थ द्रव आहे, आणि त्याची श्यानता पाण्याच्या सुमारें २३,००० कोटीपट भरते. ज्याला हवेपासून या डांबरापर्यंतचा पल्ला एका नांवाखालीं आणावयाचा आहे, त्याला स्वयंपाकघरांतला कोणताहि शब्द पुरणार नाहीं. तेथें घरगुती आठवणींतून मोकळा असलेला शब्दच उपयोगी.

परंतु हा कौल शास्त्राच्या वर्गापुरता आहे. तो वर्गाबाहेर लागू करूं गेलें तर अनर्थ होईल, आणि आपल्या अनुवादांत तो होत असलेला दिसतो. इंग्रजी कादंबरींत ‘व्हिस्कस’ शब्द आला कीं अनुवादक ‘चिकट’ लिहून मोकळा होतो. अधिक विद्वान् असला तर ‘श्यान’ लिहितो. मराठींत याला तोड नाहीं अशी त्याची समजूत असते. ती समजूत होण्याचें कारण असें, कीं तो विशेषणाला विशेषण शोधतो. मराठीनें ही संपत्ति विशेषणांत थोडी व क्रियापदांत पुष्कळ सांठवली आहे. रक्त साकळतें. तूप थिजतें. दूध आटतें. पाक आळतो. गूळ पाघळतो. मध ओघळतो. प्रत्येक क्रियापदाला आपला पदार्थ ठाऊक आहे, आणि तो पदार्थ घट्ट होण्याच्या वाटेवर आहे कीं सैल होण्याच्या, हेंहि ठाऊक आहे. हें ज्ञान इंग्रजी विशेषणाला नाहीं. एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद हा पाकाचा क्रम तर एखाद्या प्रयोगशाळेंत शोभावा इतका नेमका आहे. गृहिणीच्या दोन बोटांपलीकडे त्याला उपकरण लागत नाहीं. विशेषणेंच हवीं असलीं तर भेंडी बुळबुळीत, चिखल लिबलिबीत, खळ चिकट आणि अळवाचें फदफदें मिळून आलेलें, इतके भेद हाताशीं आहेत. साकळलेल्या रक्ताला ‘श्यान रक्त’ म्हणणारा अनुवादक मूळ लेखकाचा अर्थ पोंचवीत नाहीं आणि मराठीचाहि उपयोग करून घेत नाहीं.

याचाच दुसरा अर्धा भाग शिक्षकांसाठीं आहे. ‘श्यानता’ शब्द ठेवावयाचा तर त्याची ओळख करून देण्याची रीत बदलली पाहिजे. व्याख्या आधीं आणि उदाहरण मागून, या क्रमानें विद्यार्थ्याच्या हातीं एक कठीण शब्द लागतो व तो परीक्षेनंतर गळून पडतो. त्याऐवजीं चार वाट्या मांडाव्या. पाणी, गोडें तेल, एरंडेल आणि काकवी. चारींची धार सोडून दाखवावी. काकवी थोडी ऊन करून पुन्हां धार सोडावी. मुलाला हें सारें मराठींत आधींच माहीत असतें; त्याला नुसतें तें बोलतें करावयाचें असतें. मग सांगावें कीं तुला जें दिसलें त्याचें माप घेतां येतें, आणि त्या मापाचें नांव श्यानता. अशा रीतीनें आलेला शब्द संस्कृत असला काय आणि जर्मन असला काय, मुलाला तो परका वाटणार नाहीं. परिभाषेच्या मंडळांनीं दोनांपैकीं एक शब्द कायम करावा, ‘विष्यंदिता’ मोकळी करावी, आणि उरलेला वेळ अशा वाट्या मांडण्याच्या कामीं खर्च करावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.